महागडी चॉकलेट बिअर घ्यावी का? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली, शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं गावी येतात. त्यांच्या बॅगेत हल्ली एखादी काळी, देखणी बाटली असते आणि तिच्यावर 'चॉकलेट स्टाउट' लिहिलेलं असतं. स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी, दाट बिअर. मग जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार, भुसावळ अशा सगळीकडून मला तेच तेच प्रश्न येतात. मी गेली काही वर्षं या बिअर विकत घेऊन, चाखून, टिपणं ठेवून पाहतो आहे. वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतो. हे कायद्याने पिण्याचं वय झालेल्या, आधीपासून पिणाऱ्या मंडळींसाठी आहे. जे पीत नाहीत त्यांनी चॉकलेटच्या नावाखाली सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही.

आधी सरळ सांगा, घ्यावी की नाही?

थंडीच्या दिवसांत, छोटी बाटली, ताज्या तारखेची, दोघा-तिघांत वाटून प्यायला: जरूर घ्या. चांगली चॉकलेट स्टाउट ही खरंच सुंदर गोष्ट आहे.

पण फक्त चॉकलेटच्या चवीसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणार असाल तर थांबा. ती चव बरीचशी साध्या काळ्या बिअरमध्येही असते, का ते पुढे सांगतो. आणि मे महिन्यात आपल्याकडच्या दुकानात कपाटावर उभी असलेली महाग बाटली अर्ध्या किमतीत दिली तरी घेऊ नका.

त्यात खरंच चॉकलेट असतं का?

कधी असतं, कधी नसतं, आणि नाव वाचून ते कळत नाही. सगळा घोळ इथेच आहे. चॉकलेटची चव बिअरमध्ये चार वाटांनी येते.

पहिली वाट 'चॉकलेट माल्ट'ची. हे मोड आणून वाळवलेलं बार्लीचं धान्य असतं, काळपट तपकिरी होईपर्यंत भाजलेलं. 'चॉकलेट' हे नाव त्याच्या रंगावरून पडलं, कोकोचा त्यात कणही नसतो. दुसरी वाट कोको निब्सची, म्हणजे आंबवून, वाळवून, भाजून फोडलेल्या कोकोच्या बियांचे तुकडे. बिअर आंबून झाली की ते तिच्यात काही दिवस भिजत ठेवतात. तिसऱ्या वाटेत कोको पावडर किंवा तयार चॉकलेट उकळत्या रसात घालतात. चौथी वाट इसेन्सची, शेवटी थेंब टाकायचे आणि मोकळं व्हायचं.

दोन नावाजलेली उदाहरणं देतो. न्यूयॉर्कची 'ब्रुकलिन ब्लॅक चॉकलेट स्टाउट' १९९४ पासून निघते, १० टक्के अल्कोहोलची आहे, नावात ठळक 'चॉकलेट' आहे आणि चॉकलेट मात्र अजिबात नाही. सगळी चव भाजलेल्या माल्टची. उलट इंग्लंडच्या 'यंग्ज डबल चॉकलेट स्टाउट'मध्ये चॉकलेट माल्टही असतं आणि खरं चॉकलेटही, म्हणून ते 'डबल'. दोन्ही उत्तम बिअर आहेत. म्हणजे चॉकलेट घातलं की बिअर खरी आणि नाही घातलं की फसवणूक, असा हिशोब इथे लागू पडत नाही.

कोकोची एक अडचणही समजून घ्या. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. चरबी आली की बिअरचा फेस बसतो. सरळ चॉकलेटच्या वड्या वितळवून ओतल्या तर ग्लासात फेसच राहणार नाही. म्हणून ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारी मंडळी, निब्स किंवा चरबी काढलेली पावडर वापरतात. चांगल्या चॉकलेट बिअरमागे खरी मेहनत असते, हे मान्य करायला हवं.

चॉकलेट न घालता चॉकलेटची चव येते कशी?

याचं उत्तर आपल्या चुलीवर आहे. जाड कढईत भुईमुगाचे दाणे मंद आचेवर भाजायला घ्या. पहिली पाच मिनिटं कच्चा, हिरवट वास येतो. मग सालं तडतडायला लागतात आणि तो ओळखीचा खमंग वास सुटतो. आणखी दोन मिनिटं थांबलात तर दाणे तपकिरी होतात आणि वासात कडवट, कॉफीसारखी छटा येते. त्याच्या पुढे गेलात की करपले. आपल्याकडचा काळा मसाला भाजताना खोबरं आणि कांदा नेमके कुठे थांबवायचे हे घरच्या बाईला नाकाने कळतं. माल्ट भाजणाऱ्याचं कसबही अगदी तेच.

भाजताना धान्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी मिळतात आणि त्यातून पायराझिन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. शेंगदाणा, कॉफी, कोको आणि काळं माल्ट या चौघांच्याही वासात ती असतात. म्हणून आपल्या जिभेला बार्ली पिऊन चॉकलेट आठवतं. डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने १८१७ मध्ये फिरत्या पिंपात माल्ट न जाळता काळं भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरला आजचा रंग आणि चव मिळाली. चॉकलेट बिअरची फॅशन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

मग एवढी महाग का?

सगळे धरून चालतात की कोको महाग आहे म्हणून. कोको महाग झाला होता हे खरं. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे पीक बसलं आणि २०२४ मध्ये जागतिक बाजारात भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. पण बाटलीत कोको असतो किती? सढळ हाताने घातला तरी लिटरला १० ग्रॅम धरा. ३३० मिलीच्या बाटलीला सव्वातीन ग्रॅम झाला. त्या चढ्या भावानेही हा कच्चा कोको जेमतेम तीन रुपयांचा होतो. भाजून, फोडून, निवडून आलेले निब्स महाग पडतात, तरी दहा रुपयांच्या आतच.

बाकीचे पैसे वेगळीकडे जातात. काळ्या, दाट बिअरला धान्य जास्त लागतं, कडक इम्पिरियल प्रकाराला तर साध्या लागरच्या (नेहमीच्या फिक्या, पिवळ्या बिअरच्या) जवळपास दुप्पट. टाकीत ती जास्त दिवस राहते, व्हिस्कीच्या लाकडी पिंपात मुरवली तर महिनोन् महिने. छोटा ब्रूअर बाटली, लेबल, बूच सगळं कमी संख्येने घेतो, म्हणून त्याला प्रत्येक वस्तू महाग पडते. आणि या सगळ्यावर कर बसतो. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. परदेशी असेल तर सीमाशुल्क आणखी वेगळं, आणि ते वर्षानुवर्षं १०० टक्क्यांच्या घरात राहिलं आहे. म्हणजे परदेशी बाटलीच्या किमतीत मोठा वाटा कराचा आणि वाहतुकीचा असतो, चवीचा नाही.

दुकानात मी एकच हिशोब करतो, १०० मिलीला किती पडले. समजा ३३० मिलीची बाटली ४५० रुपयांना आहे. म्हणजे १०० मिलीला १३६ रुपये. शेजारची ६५० मिलीची साधी बाटली २२० ला असेल तर १०० मिलीला ३४. चौपट फरक. बाटल्यांचे आकार वेगळे असल्यामुळे तो एरवी डोळ्याला दिसत नाही.

साधी स्टाउट आणि चॉकलेट स्टाउट यांत फरक कळतो का? करून पाहिलंय?

पाहिलंय. मागच्या पौषात असोद्याजवळ एका मित्राच्या शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती. मी तीन बाटल्या नेल्या होत्या: एक देशी साधी स्टाउट, एक देशी चॉकलेट स्टाउट आणि एक परदेशी महाग चॉकलेट स्टाउट. घरामागे जाऊन स्टीलच्या एकसारख्या पेल्यांत ओतल्या आणि बुडाला खडूने आकडे टाकले. पाच जण होतो. प्रत्येकाला तीन-तीन घोट, मध्ये पाणी आणि साध्या मुरमुऱ्यांची मूठ.

पाचातल्या तिघांनी साध्या स्टाउटलाच 'हिच्यात चॉकलेट आहे' म्हणून निवडलं. एकाने देशी चॉकलेट स्टाउट बरोबर ओळखली, कारण तिला व्हॅनिलाचा वास होता. मित्राच्या काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच काळी बिअर तोंडाला लावली होती. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून ते म्हणाले, "हाई ते कडू लागस रे भाऊ." मग थोडं थांबून, "पन मांगून भाजेल शेंगदाना सारखं लागस." साध्या स्टाउटचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

परदेशी बाटली सर्वांत दाट होती. तिची चव घोट गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहिली, अगदी जास्त कोकोच्या कडू चॉकलेटसारखी. ती सगळ्यांना आवडली. पण किंमत सांगितल्यावर पुन्हा घ्याल का विचारलं तर पाचांपैकी एकानेच हो म्हटलं. पाच माणसांच्या एका संध्याकाळीवरून जगाला नियम लावता येत नाही. तुमच्या मंडळींत तुम्हीही असं करून पाहा. नाव झाकून चाखल्याशिवाय कुठल्याही महाग बाटलीवर मत बनवू नका.

आपल्याकडच्या उन्हाचा बिअरवर काय परिणाम होतो?

मला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचंय ते हेच. पुण्यातला माणूस चॉकलेट बिअरबद्दल जे लिहितो ते जसंच्या तसं जळगावला लागू होत नाही, कारण मध्ये आपला उन्हाळा आहे.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बिअर हा जिवंत वासाचा पदार्थ आहे. उष्णतेत तिच्यातले घटक भराभर शिळे होतात आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. चॉकलेट बिअरमध्ये आधी मरतो तो कोकोचा नाजूक सुगंध, म्हणजे ज्याचे तुम्ही जास्तीचे पैसे दिले तोच. मागे कडवटपणा आणि गोडी तेवढी उरते. लागर खपते, तिचा माल आठवड्याला बदलतो. महाग काळी बाटली मात्र एकदा कपाटावर चढली की सहा-सहा महिने तिथेच राहते. गोदामात पंखाही नसतो.

एकदा एप्रिलच्या शेवटी मी आपल्याच भागातल्या एका दुकानातून चॉकलेट स्टाउटची बाटली घेतली. ती दुकानाच्या दर्शनी कपाटात ठेवलेली होती आणि दुपारी चारनंतर त्या कपाटावर ऊन यायचं. लेबलचा रंगही एका बाजूने उडाला होता. ते मला दिसलं, तरी हौसेपोटी घेतली. घरी चार तास फ्रिजमध्ये ठेवून उघडली तर फेस भसाभस ग्लासाबाहेर आला आणि वास आला भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. चॉकलेटचा मागमूस नाही. अर्धी बाटली मोरीत ओतावी लागली. तारीख उलटलेली नव्हती, म्हणून दुकानदाराने परत घेतली नाही. त्या दिवसापासून तारखेइतकंच कपाटही बघतो.

मग दुकानात काय काय बघायचं?

बाटली कुठे ठेवली आहे ते आधी. फ्रिजमध्ये असेल तर उत्तम, निदान उन्हापासून लांब आणि बंद खोक्यात तरी असावी. काच तपकिरी हवी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांवर पडून कुबट, उग्र वास तयार होतो. कॅन असेल तर उजेडाची चिंताच नाही.

मग निर्मितीची तारीख. ५ टक्क्यांच्या आसपासची चॉकलेट स्टाउट असेल तर तीन महिन्यांच्या आतली घ्या, 'बेस्ट बिफोर' काहीही असो. घटकांच्या यादीत 'कोको' किंवा 'कोको निब्स' आहे की नुसतं 'चॉकलेट फ्लेवर' तेही वाचा. फ्लेवर लिहिलं म्हणून बिअर वाईट ठरत नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मी देत नाही.

आणि छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका, 'थंड करून देतो' म्हणून तर मुळीच नाही.

गोड असते का?

लोकांची मोठी निराशा होते ती इथेच. चॉकलेट म्हटलं की डोळ्यासमोर मुलांच्या हातातली वडी येते. बहुतेक चॉकलेट स्टाउट कडवट असतात, बिनसाखरेच्या कोकोसारख्या. यीस्ट धान्यातली बरीचशी साखर खाऊन टाकतं, त्यामुळे गोडी फारशी उरत नाही.

गोड हवी असेल तर लेबलवर 'मिल्क स्टाउट' किंवा 'स्वीट स्टाउट' शोधा. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घालतात. बिअरचं यीस्ट ती पचवू शकत नाही, म्हणून ती तशीच राहते आणि बिअर गोडसर, मऊ लागते. दूध ज्यांना पचत नाही त्यांनी ही टाळावी. 'पेस्ट्री स्टाउट' म्हणून मिळते ती तर जवळजवळ मिठाईच. मला अर्ध्या ग्लासापुढे जात नाही.

कशी प्यायची? एकदम थंडगार?

नाही. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी हवी असते आणि लागरसाठी ते बरोबरही आहे. पण ४ अंशांवर चॉकलेट स्टाउटचा वास बंद असतो, जिभेला नुसता कडवटपणा लागतो. ती १० ते १३ अंशांवर उलगडते. थंडीत फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात सात-आठ मिनिटं पुरतात.

बाटलीने पिऊ नका. निम्मी किंमत वासाची आहे आणि बाटलीच्या तोंडातून वास येत नाही. रुंद पोटाचा ग्लास घ्या, अर्धाच भरा. बर्फ घालू नका. पहिला घोट आणि पंधरा मिनिटांनंतरचा घोट यांत केवढा फरक पडतो ते स्वतः बघा.

सोबत काय खावं?

भरीत. डोळे मिटून भरीत. बामणोदचं किंवा असोद्याचं हिरवं वांगं काड्यांवर भाजलेलं, ठेचलेलं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं, सोबत कळण्याची भाकरी. वांग्याला धुराचा वास, बिअरला भाजल्या धान्याचा. दोघं एकमेकांना ओळखतात. फक्त मिरची हात राखून घाला.

शेवभाजीसोबत मात्र जमत नाही. आपला झणझणीत काळा रस्सा, त्यावर बिअरचा कडवटपणा आणि वायू, म्हणजे तोंडात आग दुप्पट. शेवभाजीलाच हवी असेल तर गोड मिल्क स्टाउट चालते, ती तिखट थोडं झाकते.

मला सापडलेली सर्वांत चांगली जोडी अगदी साधी आहे. रावेर-यावलकडची पूर्ण पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली केळी. तव्यावर चमचाभर तुपात तिच्या चकत्या दोन्ही बाजूंनी लालसर परता आणि वरून चिमूटभर मीठ. ही चकती आणि कडवट चॉकलेट स्टाउटचा एक घोट. घरात ज्यांना काळी बिअर आवडत नाही तेही यावर मान हलवतात.

१० टक्के, १२ टक्क्यांच्या इम्पिरियल स्टाउट आपल्याकडे का दिसत नाहीत?

भारतात बिअरमधल्या अल्कोहोलची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे परदेशातल्या याद्यांत गाजलेल्या बऱ्याच चॉकलेट स्टाउट इथल्या दुकानात येतच नाहीत. नातेवाईक परदेशातून येताना आणतात. विमानाने येणाऱ्या माणसाला २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

चव गोड आणि मऊ असली तरी ताकद विसरू नका. ८ टक्क्यांच्या ३३० मिलीत २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या दोन पेगांएवढं. अर्धा लिटरचा कॅन असेल तर तीन पेगांच्या वर. मोटारसायकलवर शेतात आलेला माणूस 'चॉकलेटचीच तर होती' म्हणत रात्री त्याच मोटारसायकलवर घरी निघतो, याची मला खरोखर भीती वाटते. तिथेच झोपा किंवा न पिणाऱ्याला गाडी चालवू द्या.

मध्य प्रदेशातून किंवा गोव्यातून स्वस्तात आणली तर?

रावेर, चोपडा, शिरपूरवाल्यांना मध्य प्रदेश अगदी जवळ, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या राज्यातली दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. गोव्याचंही तेच.

नंदुरबारकरांनी आणखी जपावं. भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी नवापूरला गुजरातेत शिरते, आणि नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सुरतेच्या भाच्याला भेट म्हणून बाटली बॅगेत टाकाल तर भेट राहील बाजूला आणि तुम्ही पोलीस ठाण्यात. महाराष्ट्रातही दारू घेण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. काढून ठेवा.

साध्या स्टाउटमध्ये घरीच चॉकलेट घालता येईल का?

बिअर घरी बनवणं परवान्याशिवाय बेकायदा आहे, तो विषय तिथेच संपवा. पण विकतच्या साध्या स्टाउटला कोकोचा वास देता येतो. चमचाभर भाजलेले निब्स चहाच्या जाळीदार गाळणीत घेऊन ग्लासभर स्टाउटमध्ये वीस मिनिटं बुडवून ठेवा. वास छान येतो. वायू मात्र बराच उडून जातो.

त्याहून सोपं म्हणजे ७० टक्के कोकोचं चॉकलेट आणा, नखाएवढा तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि मग साध्या स्टाउटचा घोट घ्या. चॉकलेटची वडी आणि साधी स्टाउट मिळून बहुतेक वेळा महाग बाटलीपेक्षा कमी पैसे होतात आणि चव तिच्या तोडीची येते.

शाकाहारी असते का? मधुमेह असेल तर?

मूळ घटक पाणी, धान्य, हॉप्स, यीस्ट आणि कोको. मात्र काही इंग्लिश बिअर स्वच्छ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरतात. कडक शाकाहारी असाल तर लेबलवर 'व्हीगन' लिहिलेलीच घ्या.

मधुमेह असेल, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कोको आरोग्याला चांगला म्हणून चॉकलेट बिअरही चांगली, हे कुठेही ऐकलं तरी मानू नका. तीन ग्रॅम कोको अल्कोहोलचं नुकसान भरून काढत नाही.

ठेवून जुनी केली तर चव वाढते का?

८ टक्के किंवा त्यावरची, गडद आणि दाट असेल तर थंड, अंधाऱ्या जागी वर्षभरात ती गोलाई धरते. पण कोकोचा सुगंध तेवढ्यात ओसरतो. आपल्या घरात अशी जागा फ्रिजशिवाय नाही. ५ टक्क्यांची असेल तर आणल्या आठवड्यात संपवा.

आणली आणि कुणालाच आवडली नाही. फेकून देऊ?

मुळीच नाही. पाऊण कप स्टाउट, तेवढंच लोणी, कोको पावडर, गूळ, अंडी आणि मैदा घेऊन केक करा. बिअरचा कडवटपणा कोकोला खोल करतो. लोणी आणि बिअर आधी एकत्र कोमट करून त्यात गूळ विरघळवा, मिश्रण पूर्ण गार झालं की मगच अंडी घाला. घाईत गरम रसात अंडी फोडली तर त्याची भुर्जी होते. भाजताना अल्कोहोल सगळंच उडत नाही, त्यामुळे हा केक मुलांच्या ताटात वाढू नका.